स्टेशनजवळ ४८ फ्लॅट आणि १४ पार्किंग: सिटी खरंच काही करू शकत नाही का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, बार्ट (इथली लोकल ट्रेन) स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं टाउनहाऊस आहे. शेजारी टायरचं जुनं दुकान होतं, तिथं आता ४८ फ्लॅटची बिल्डिंग येतेय आणि पार्किंग फक्त १४. सिटीचा (इथल्या नगरपालिकेचा) प्लॅनर म्हणतो राज्याच्या कायद्यापुढे आमचे हात बांधलेत. हे खरं आहे का? आम्ही शेजाऱ्यांनी मिळून हिअरिंगला विरोध केला तर काही उपयोग होईल का? गणपतीत आमच्याकडे चाळीस माणसं येतात, त्यांनी गाड्या कुठे लावायच्या?

प्लॅनर खरं बोलतोय, टोलवत नाहीये. पण "हात बांधलेत" म्हणजे नक्की कुठे बांधलेत आणि कुठे मोकळे आहेत हे काउंटरवर दहा मिनिटांत कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बावीस वर्षं याच कामात आहे, पहिली नऊ एका सिटीच्या प्लॅनिंग काउंटरच्या आतल्या बाजूला आणि पुढची सगळी बाहेरच्या बाजूला, म्हणजे आता बिल्डर आणि नॉनप्रॉफिट हाउसिंगवाल्यांची परवानग्यांची कामं करतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

कायद्याचं नाव एबी २०९७ (एबी म्हणजे असेंब्ली बिल, राज्याच्या विधानसभेतलं). लॉरा फ्रीडमन या असेंब्ली मेंबरनी आणला, गव्हर्नर न्यूसमनी सप्टेंबर २०२२ मध्ये सही केली आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. म्हणणं एवढंच की मेजर ट्रान्झिट स्टॉपपासून अर्ध्या मैलाच्या आत कुठलाही प्रोजेक्ट असेल, घरं असोत, दुकान असो, ऑफिस असो, तर सिटीनं किंवा काउंटीनं त्याला "किमान इतकं पार्किंग पाहिजेच" अशी अट घालायची नाही. हॉटेल-मोटेल यातून वगळलीत. मेजर ट्रान्झिट स्टॉप म्हणजे रेल्वे किंवा बीआरटीचं (राखीव मार्गावरच्या जलद बसचं) स्टेशन, बस किंवा रेल्वेला जोडलेला फेरीचा धक्का, नाहीतर दोन मोठे बस रूट जिथं एकमेकांना छेदतात तो चौक, तिथं गर्दीच्या वेळी ठराविक मिनिटांनी बस यायला हवी, आधी ती अट १५ मिनिटांची होती, २०२५ पासून २० मिनिटं झाली. तुमच्याकडे तर सरळ बार्टच आहे, तिथं वादाला जागाच नाही.

अर्धा मैल कसा मोजायचा यावर लोक फार भांडतात. माझ्यासमोर एका हिअरिंगला एक काका हातातलं मोजायचं चाक घेऊन आले होते, म्हणाले मी फुटपाथनं चालत मोजलंय, अर्ध्या मैलाच्या वर भरतं. भरत असेल हो. पण या कायद्यात अंतर चालण्याचं नाही, नकाशावर सरळ रेघेनं धरतात, आणि प्लॉटचा २५ टक्क्यांपर्यंत भाग वर्तुळाबाहेर गेला तरी प्लॉट आतच धरतात. चालत अर्धा मैल मोजायचा नियम आहे तो मागच्या अंगणात बांधतात त्या छोट्या घरांसाठी, म्हणजे एडीयूसाठी, आणि तिथं साधा बस स्टॉपसुद्धा चालतो. दोन्ही नियमांची लोक खिचडी करतात, इंटरनेटवर तर विचारूच नका. आता २०२५ मध्ये एसबी ७९ आलाय त्याचीही त्यात भर पडलीय, पण तो स्टेशनजवळ किती उंच बांधता येईल याचा आहे, पार्किंगचा नाही.

मग सिटीला काहीच पळवाट नाही का, तर आहे, पण ती सुईच्या नेढ्याएवढी. अर्ज पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत सिटीनं लेखी निष्कर्ष काढायचे, पुराव्यासकट, की इथं पार्किंग सक्तीचं केलं नाही तर गरिबांसाठी घरं देण्याचं आमचं टार्गेट बिघडेल, किंवा वृद्ध-अपंगांच्या घरांच्या गरजेला फटका बसेल, किंवा अर्ध्या मैलातल्या सध्याच्या पार्किंगवर मोठा वाईट परिणाम होईल. शेवटचा मुद्दा वाचून तुमचे डोळे चमकले असतील. पण थांबा. बिल्डिंगमध्ये २० पेक्षा कमी फ्लॅट असतील, किंवा निदान २० टक्के फ्लॅट कमी किंवा मध्यम उत्पन्नवाल्यांना, विद्यार्थ्यांना, वृद्धांना किंवा अपंगांना राखून ठेवले असतील, तर ही पळवाटही बंद. ४८ चे २० टक्के म्हणजे ९.६, धरा १०. तुमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये १० फ्लॅट तसे असतील तर विषय संपला, आणि माझा अंदाज आहे असतीलच, कारण त्यावर डेन्सिटी बोनसही, म्हणजे जास्त फ्लॅट बांधायची परवानगीही, मिळतो आणि कुठला शहाणा बिल्डर तो सोडेल. अर्जाची प्रत काउंटरवर मागा, पहिल्याच काही पानांत तो आकडा असतो.

आणि नसले समजा, तरी ३० दिवसांत पुराव्यानिशी असा निष्कर्ष काढायला सिटी अटर्नी सहसा तयार होत नाही. हाउसिंग अकाउंटेबिलिटी अॅक्ट, म्हणजे सिटीनं घरांचे प्रोजेक्ट उगाच अडवू नयेत म्हणून केलेला राज्याचा कायदा, त्याखाली सिटीला कोर्टात खेचता येतं, आणि कोर्टाचा आदेश धुडकावला तर फ्लॅटमागे किमान १०,००० डॉलर दंड. ४८ फ्लॅटचा गुणाकार कौन्सिलवाल्यांना येतो.

आता, हा कायदा आणला कशासाठी. लोक म्हणतात बिल्डरच्या फायद्यासाठी, पर्यावरणवाल्यांच्या हट्टापायी वगैरे. मी तुम्हाला एक प्लॉट दाखवतो, मग तुम्हीच ठरवा. ५० फूट रुंद, १५० फूट खोल, आपल्याकडच्या जुन्या डाउनटाउनमध्ये असे प्लॉट पडून आहेत, कुठे लॉन्ड्री, कुठे बंद पडलेलं रेस्टॉरंट. गाडी लावायची जागा साधारण १८ फूट लांब लागते आणि मागे वळायला २४ फुटांची गल्ली. दोन्ही बाजूंना गाड्या लावायच्या तर १८ अधिक २४ अधिक १८, झाले ६० फूट. प्लॉट ५० चा. म्हणजे गाड्या एकाच बाजूला लावायच्या आणि दुसरीकडे उरलेले सात-आठ फूट भिंत, खांब, पाइप यात जातात. आता लांबीत या, १५० फुटांपैकी पुढे लॉबी, दोन जिने, कचऱ्याची खोली, इलेक्ट्रिकची खोली, स्प्रिंकलरचा वाल्व, हे सगळं काढलं की हातात उरतात शंभरेक फूट, म्हणजे नऊ फुटांनी ११ गाड्या, खांब मध्ये आला तर १०. जुन्या नियमानं फ्लॅटमागे दीड पार्किंग पाहिजे असेल तर इथं ७ फ्लॅट. वर तीन मजले बांधायची परवानगी आहे, सहज १८-२० फ्लॅट बसतात, पण खालच्या गाड्या सांगतात की ७ च. बेसमेंट करा म्हणाल तर दहा फूट खाली उतरायला रॅम्प साठ-सत्तर फूट लांब होतो, म्हणजे तळघराची निम्मी लांबी रॅम्पच खातो, आणि खणायचा खर्च वेगळाच. सात फ्लॅटवर कुठलंच गणित जमत नाही, म्हणून ती लॉन्ड्री वीस वर्षं तशीच बंद असते. काउंटरच्या आत असताना मी असे किती नकाशे परत पाठवलेत ते मोजले नाहीत, पण पाठवलेत, हसतमुखानं, "सर, तुमची तीन पार्किंग कमी पडतात" असं म्हणून.

तुमच्या शेजारच्या बिल्डिंगचंच घ्या. दीडच्या हिशेबानं ४८ ला ७२ पार्किंग. गल्ली धरून एका गाडीला साधारण ३३० चौरस फूट लागतात, छोट्या स्टुडिओ फ्लॅटएवढी जागा ती. ७२ गाड्यांना अर्ध्या एकराहून जास्त. टायरच्या दुकानाचा प्लॉट मुळात केवढा आहे? तेवढं पार्किंग म्हणजे एक अख्खा मजला नाहीतर दोन, आणि काँक्रीटमधलं एकेक पार्किंग दहा हजार डॉलरच्या कित्येक पट जातं, तो पैसा भाड्यातूनच वसूल होणार, गाडी असलेल्याकडूनही आणि नसलेल्याकडूनही.

तो दीडचा आकडा आला कुठून, हे मला सुरुवातीला वाटायचं कुठल्यातरी अभ्यासातून आला असेल. एकदा आमच्याच सिटीचा जुना कोड चाळत बसलो, तर शेजारच्या सिटीचा जसाच्या तसा उचललेला, चुकीच्या स्पेलिंगसकट. त्यांनी आणखी कुणाचा उचलला असेल. अमेरिकेत अपार्टमेंटला पार्किंगची सक्ती पहिल्यांदा केली कोलंबस, ओहायोनं १९२३ मध्ये, आणि मग गावोगाव हे लोण पसरलं. पार्किंगवर संशोधन करणारे यूसीएलए विद्यापीठाचे डोनाल्ड शूप सर (२०२५ च्या फेब्रुवारीत गेले) आयुष्यभर हेच सांगत राहिले की हे आकडे छद्म-शास्त्र आहेत. प्लॅनिंग शिकलेल्या आमच्या पिढीला हे पाठ होतं आणि तरी आम्ही काउंटरवर बसून तेच आकडे लावत होतो, आता बोला.

एक गैरसमज मात्र काढून टाका, कायद्यानं पार्किंगला बंदी घातलेली नाही. सक्ती काढलीय फक्त. बिल्डरला वाटलं तर तो ७२ च काय १०० करेल. बफेलो शहरानं, न्यूयॉर्क राज्यातल्या, २०१७ मध्ये सगळीकडची सक्ती काढली, नंतर संशोधकांनी तिथले मोठे प्रोजेक्ट तपासले तर ४७ टक्क्यांनी जुन्या नियमापेक्षा कमी पार्किंग केलं, बाकीच्यांनी तेवढंच किंवा जास्तच. माझाही अनुभव हाच, कारण बँक विचारते, गुंतवणूकदार विचारतो, भाड्यानं देणारा एजंट तर डोकं खातो की पार्किंगशिवाय फ्लॅट जाणार नाही. तेव्हा कुणी ४८ ला १४ काढतोय म्हणजे त्यानं हिशेब केलाय की इथं गाडी नसलेले, किंवा घरात एकच गाडी असलेले भाडेकरू मिळतील. चुकला तर फ्लॅट रिकामे राहतील आणि नुकसान त्याचं होईल. तुमचं होणार नाही असं मी म्हणत नाही, त्याच्याकडे येतोच.

आणि ते १४ सुद्धा कुठून आले बघा. शून्य पार्किंग म्हटलं तरी अपंगांची आणि ईव्ही चार्जरची पार्किंग या कायद्यानं माफ होत नाहीत. हा कायदा नसता तर जेवढी द्यावी लागली असती तेवढी द्यावीच लागतात, म्हणजे आधी कागदावर काल्पनिक ७२ मांडायचे आणि त्यावर अपंगांची किती, चार्जरची किती हे काढायचं. विचित्र वाटतं, आहेच विचित्र, माझे निम्मे ईमेल याच विषयावरचे असतात. पण यामुळे होतं असं की पूर्ण शून्यावर कमी जण जातात.

आता विरोधाचं. हिअरिंगला जाऊन तुम्ही "पार्किंग वाढवा" म्हणालात तर तीन मिनिटं ऐकून घेतील, थँक यू म्हणतील, आणि पुढचं नाव पुकारतील. कौन्सिल मेंबर मान डोलावेल तेही खरं, त्यालाही मतं पाहिजेत, पण त्याच्या हातात ते नाही. चुकीच्या खिडकीवर रांग लावल्यासारखं आहे ते. जे सिटीच्या हातात आहे ते मागा ना. रस्त्याकडेची जागा पूर्ण सिटीची आहे, एबी २०९७ तिला हात लावत नाही. तुमच्या गल्लीला रेसिडेन्शियल परमिट झोन, म्हणजे रहिवाशांनी परमिटवर गाड्या लावायचा भाग, आहे का? नसेल तर त्यासाठी सह्या गोळा करायला आत्ताच लागा, बिल्डिंग भरल्यावर नको. असेल तर नव्या बिल्डिंगवाल्यांना परमिट मिळणार का, घरटी किती मिळणार, पाहुण्यांच्या दिवसाच्या परमिटचं काय, हे गावागणिक वेगळं असतं, ते लेखी विचारा. बार्टला जाणारे लोक दिवसभर तुमच्या गल्लीत गाड्या टाकून जातात का, तिथं दोन तासांची मर्यादा लावता येते. डिलिव्हरीच्या गाड्यांसाठी बिल्डिंगसमोर लोडिंग झोन मागा, हे फार महत्त्वाचं, ४८ घरं म्हणजे दिवसाला किती पार्सलं आणि किती जेवणं येणार, ती गाडी डबल पार्क झाली की तुमचा ड्राइव्हवे बंद. बिल्डरनं आपणहून पार्किंग ठेवलंय तर त्यात कार-शेअरच्या (थोड्या वेळापुरत्या भाड्यानं मिळणाऱ्या) गाड्यांसाठी जागा ठेव असं सिटी सांगू शकते, कायद्यातच ती मुभा आहे, ते मागा. यातलं निम्मं तरी मिळतं. मी मिळताना पाहिलंय.

आणि गल्लीतल्या गाड्या कमी-जास्त झाल्या की सगळं खापर नव्या बिल्डिंगवर फुटतं तेही जरा तपासून बघा. २०२४ पासून कॅलिफोर्नियात क्रॉसवॉकच्या आधीच्या २० फुटांत गाडी लावायला मनाई आहे, आणि २०२५ पासून लाल रंग असो नसो, तिकीट मिळतं. प्रत्येक चौकातल्या एकदोन जागा त्यातच गेल्यात.

रागावू नका, पण एक विचारतो. तुमच्या टाउनहाऊसला दोन गाड्यांचं गॅरेज असेल ना? त्यात काय आहे? मी शेजाऱ्यांच्या मीटिंगांना जातो तेव्हा हे हळूच विचारतो आणि सगळे हसतात. कॉस्टकोचे पेपर टॉवेल, ट्रेडमिल, मुलांच्या लहानपणीच्या सायकली, देशातून आणलेल्या चार मोठ्या बॅगा, गणपतीचं मखर. गाड्या बाहेर. माझंही तसंच आहे, मखर आणि ट्रेडमिल दोन्ही आहे.

तुमच्यापैकी कुणी त्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायचा विचार करत असेल तर (असे मेसेज मला बरेच येतात, मुलगा नुकताच नोकरीला लागलाय वगैरे) आणखी एक कायदा बघा, एबी १३१७. अलामिडा आणि सांता क्लारासकट दहा काउंट्यांमध्ये, १६ किंवा जास्त फ्लॅटची भाड्याची बिल्डिंग, जिचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट १ जानेवारी २०२५ चं किंवा त्यानंतरचं आहे, तिथं पार्किंगचं भाडं फ्लॅटच्या भाड्यापासून वेगळं दाखवावं लागतं. गाडी नसेल तर पैसे देऊ नका. थोडे अपवाद आहेत, फ्लॅटला चिकटून स्वतःचं गॅरेज असेल तर वगैरे. पार्किंगचं भाडं थकलं म्हणून घर खाली करायला लावता येत नाही. भारतातून आलेल्या लोकांचा इथं गोंधळ होतो कारण तिकडे उलटं ऐकलेलं असतं, स्टिल्टमधलं (बिल्डिंगखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला स्वतंत्र युनिट म्हणून विकता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये मुंबईच्याच केसमध्ये सांगितलं होतं. तिकडे दुखणं होतं बिल्डर सामायिक जागा विकून खातो हे, इकडे दुखणं आहे की गाडी नसलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीचं भाडं भरतो.

तिकडचा विषय निघालाच आहे तर, पुण्याहून भाचा विचारत होता की मग आपल्याकडे मेट्रोजवळ हे का करत नाहीत. केंद्राचं २०१७ चं टीओडी (मेट्रो-रेल्वे स्टेशनभोवतीच्या विकासाचं) धोरण स्टेशनभोवती पार्किंग कमी आणि महाग ठेवा असंच सांगतं. पण परळ-वडाळा-ठाण्याला गेलात की दिसतं काय, खाली पाच-सहा मजले नुसत्या गाड्यांचे आणि त्याच्यावर घरं सुरू होतात, कारण नियमानं लागणारं पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत, मग बिल्डर कशाला कमी करेल. शिवाय तिकडे रस्त्यावर गाडी लावायला जवळपास फुकट असताना नुसती बिल्डिंगमधली सक्ती काढली तर फुटपाथ उरणार नाही, हे मी भाच्याला सांगितलं. जपाननं हे दुसऱ्या टोकानं सोडवलं, १९६२ च्या कायद्यानं गाडी घेणाऱ्यालाच जागा दाखवायला लावली. २०२५ मध्ये महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक तसंच काहीसं आणायचं म्हणत होते, पार्किंगचा पुरावा नसेल तर नवी गाडी रजिस्टर होणार नाही. इथं कॅलिफोर्नियात तसं कुणी नुसतं बोललं तरी निवडणूक हरेल.

कायद्यातली मला खटकणारी गोष्टही सांगतो म्हणजे मी नुसता वकिली करतोय असं नको वाटायला. बार्ट स्टेशन कुठे जात नाही, ते ठीक. पण दोन बस रूटच्या चौकावर ज्या बिल्डिंगा मंजूर होतात तिथं सगळी मदार बसच्या वेळापत्रकावर. बसवाल्यांचे पैसे संपले, पंधरा मिनिटांची बस चाळीस मिनिटांवर गेली, तरी बिल्डिंग तिथंच आणि लोकही तिथंच. घरं बांधायचा कायदा एका खात्याचा, बस चालवायचे पैसे दुसऱ्याचे, दोघांची तोंडं दोन दिशांना. अशा एका चौकावर काम केलंय मी, रूट कमी झाल्यावर तिथले भाडेकरू सेकंडहँड गाड्या घेऊ लागले आणि शेजाऱ्यांनी मला रस्त्यात गाठून ऐकवलं. त्यांचं बरोबर होतं.

राहिला गणपती. परमिट झोन झालाच तर पाहुण्यांची एका दिवसाची परमिटं आगाऊ काढता येतात का ते विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी वर्षाला ठराविक संख्या मिळते, ती दिवाळीत संपवू नका. जवळपास चर्च किंवा बँक असेल तर संध्याकाळपुरता त्यांचा पार्किंग लॉट मागून बघा, आम्ही दरवर्षी चर्चचाच मागतो, बदल्यात त्यांच्या पॅनकेक ब्रेकफास्टला आमच्याकडची चार माणसं वाढायला जातात. आणि बार्टनं येणाऱ्यांना स्टेशनवरून आणायला एक गाडी फिरती ठेवा. आणि एक गाडी तरी गॅरेजमध्ये घालता आली तर रस्त्यावर एक जागा मोकळी होईल, मखर आत परत लावायच्या आधी तेवढं बघा.